अंदाज खरा ठरला म्हणजे नेमकं काय झालं?

जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सातला आमच्या गावच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात येऊन बसा, चहाच्या आधी चार अंदाज येतात. एकाच्या मोबाईलवर व्हिडिओ चालू असतो, "शेतकरी बांधवांनो, सात ते दहा तारखेदरम्यान..." असा, दुसऱ्याच्या ॲपमध्ये ढगाचं चित्र आणि खाली ६० टक्के, तिसरा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि आमचे तात्या म्हणजे माझे चुलते, वय पंच्याहत्तर, सगळ्यांना हातानंच गप करतात अन् म्हणतात, "ते ऱ्हाऊ द्या, मृगाचं वाहन काय हाय यंदा ते सांगा. बेडूक हाय का गाढव?" (पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी वाहन म्हणून दिलेला असतो, त्याच्यावरून पाऊस ठरवतात.)

मग पाऊस येतो नाहीतर येत नाही. आला की ज्यानं सांगितलेला असतो तो दिवसभर छाती काढून फिरतो, नाही आला तर तो दोन दिवस हॉटेलकडं फिरकतच नाही, आणि हिशोब कोणीच ठेवत नाही. मला हे लै वर्षं खटकत होतं कारण मी ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो आणि घरी सात एकर काळी जमीन आहे. एका वर्षी आम्ही अशाच एका ठाम अंदाजाच्या भरवशावर पेरलं, त्याच्यानंतर वीस दिवस आभाळ नुसतं येऊन जायचं, सोयाबीन उगवून करपली आणि दुबार पेरणी. बियाण्याच्या बॅगा परत उधारीवर आणल्या. सांगणाऱ्याला त्याचं काही गेलं नाही, त्याचा पुढचा व्हिडिओ आलाच होता.

तर त्या वर्षीपासून मी वही घातली, साधी दोनशे पानी. अंदाज कसा करायचा आणि केलेला अंदाज चांगला का वाईट हे कसं मोजायचं, याच्यावर जगात शंभरएक वर्षं अभ्यास चालू आहे, त्यातलं मला कळलेलं आणि वहीच्या निमित्तानं पटलेलं इथं लिहितोय.

पहिली भानगड प्रश्नाचीच झाली. "उद्या पाऊस येईल का" हा प्रश्नच नाही राव, कारण चार थेंब पडले की येईल म्हणणारा म्हणतो आला, आणि येणार नाही म्हणणारा म्हणतो ह्याला काय पाऊस म्हणतेत का. म्हणून मी हवामान खात्याची व्याख्या उचलली. त्यांच्याकडं ज्या दिवशी अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तोच पावसाचा दिवस, आणि दिवस म्हणजे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. वहीत प्रश्न पडला असा: उद्या साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत आमच्या शिवारात अडीच मिमी होईल का? गच्चीवर सरळ भिंतीचा प्लास्टिकचा डबा आणि त्याला पट्टी चिकटवलेली. तात्यांना हे लै हसू आलं, "पाऊस का चड्डीचं कापड हाय मापायला?" पण असा प्रश्न पक्का केल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. "या आठवड्यात वातावरण बदलू शकतं" असल्या वाक्याला तर वहीत जागाच नाही, ते कधीच चुकत नसतं.

दुसरं म्हणजे तुलना कशाशी करायची. आमच्याकडं पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाऊस पडणारे दिवस निम्म्याहून कमीच असतात. म्हणजे एखाद्यानं डोळे झाकून रोज "उद्या कोरडं" म्हणलं तरी तो निम्म्याहून जास्त वेळा बरोबर येणार, आणि त्याला हवामानातलं ओ की ठो कळत नसणार! म्हणून कोणी सांगितलं की माझे साठ टक्के अंदाज खरे ठरले, तर आधी विचारायचं की काहीच डोकं न लावता किती खरे ठरले असते. या बिनडोक अंदाजाला अभ्यासक भोळा अंदाज म्हणतात आणि त्याला हरवल्याशिवाय कोणाच्याच पद्धतीला भाव देत नाहीत. भोळ्याला हरवणं वाटतं तेवढं सोपं नाही, ते पुढं येईलच.

आता मार्क कसे द्यायचे. अमेरिकेच्या वेदर ब्युरोमधल्या ग्लेन ब्रायर नावाच्या माणसानं १९५० साली एक छोटा लेख लिहिला आणि त्यातली रीत आजपण जगभर चालते. सोपी आहे, आठवीच्या पोराला येईल. अंदाज टक्क्यात घ्यायचा. पाऊस झाला तर १, नाही झाला तर ०. दोन्हीतला फरक काढायचा आणि त्याचा वर्ग करायचा. ९० टक्के म्हणाला आणि पाऊस झाला तर फरक ०.१, वर्ग ०.०१, म्हणजे जवळजवळ काहीच दंड नाही. ९० म्हणाला आणि कोरडं गेलं तर फरक ०.९, वर्ग ०.८१, चांगलाच फटका. जो रोज ५०-५० म्हणून अंग चोरतो त्याला रोज ०.२५. जेवढा आकडा कमी तेवढा माणूस भारी, गोल्फसारखं म्हणा, आमच्याकडं गोल्फ कोण खेळतंय पण.

वर्ग कामून करायचा ते पाच दिवसांच्या उदाहरणात बघा. समजा पाऊस पहिल्या आणि चौथ्या दिवशी झाला, बाकी तीन दिवस कोरडे. व्हिडिओवाल्यानं पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी "शंभर टक्के येणार, लिहून घ्या" म्हणलं आणि बाकी दोन दिवस शून्य. ॲपनं क्रमानं ७०, ६०, २०, ६०, ३० सांगितलं. दोघंही पाचात चार वेळा बरोबर बाजूला आहेत, दोघंही दुसऱ्या दिवशी चुकले. पण ब्रायरच्या हिशोबानं व्हिडिओवाल्याचा सरासरी दंड ०.२० आणि ॲपचा ०.१५ च्याही किंचित खाली. का, तर चुकताना ॲप ६० वर होतं आणि हा बाबा शंभरवर होता. आणि तुमचं नुकसान कोणत्या चुकीनं जास्त होतं ते तुम्हीच बघा, ६० ऐकून तुम्ही अर्धं रान पेरता, शंभर ऐकून सगळं.

वहीतली अजून एक गंमत म्हणजे एकाच टक्क्याचे दिवस वेगळे काढून मोजायचे. ॲपनं ज्या ज्या दिवशी ७० सांगितलं ते सगळे दिवस एका पानावर घ्यायचे, आणि दहा दिवसांत साधारण सात दिवस पाऊस असेल तर ते ॲप प्रामाणिक. तीन दिवस कोरडे गेले म्हणून त्याला शिव्या द्यायच्या नाहीत, ते तीन दिवस त्यानं आधीच कबूल केलेले होते. उलट ७० म्हणलेल्या दहाच्या दहा दिवशी पाऊस झाला तर ते ॲप जरा भित्रं आहे, त्यानं जास्त बोलायला पाहिजे होतं. हॉटेलात हे समजावून सांगताना माझा घसा बसलाय, लोकांना ७० म्हणजे "येणार"च ऐकू येतं.

शब्दांचा घोळ तर टक्क्यांपेक्षा वाईट. अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात शर्मन केंट म्हणून होते, १९५१ ला त्यांच्या ऑफिसनं युगोस्लाव्हियावर हल्ल्याची "गंभीर शक्यता" आहे असा रिपोर्ट दिला. नंतर त्यांनी स्वतःच्याच माणसांना विचारलं की बाबांनो तुमच्या मनात किती टक्के होतं, तर कोणी वीस म्हणलं, कोणी ऐंशी. एकाच कागदावर सह्या केलेली माणसं! आता आपल्या बातमीतलं "दाट शक्यता" आठवा.

आणि एक गैरसमज तर मी स्वतः कितीतरी वर्षं बाळगला. हवामान खातं म्हणतं की मराठवाड्यात "तुरळक ठिकाणी" पाऊस, तर मला वाटायचं की पाऊस तुरळक म्हणजे बारीक असणार. तसं नाही. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव ठिकाणी, काही ठिकाणी म्हणजे पाव ते निम्म्या, बऱ्याच ठिकाणी म्हणजे निम्म्या ते पाऊण, त्याच्यावर बहुतांश ठिकाणी. हे शब्द पाऊस किती जागी पडेल ते सांगतात, किती जोरात पडेल ते सांगत नाहीत. म्हणून "तुरळक ठिकाणी" वाल्या दिवशी सेलूला ढगफुटीसारखा पडू शकतो आणि मानवतला धुरळा उडत असतो, आणि अंदाज तरी बरोबरच!

बरं, हे उद्या-परवाचं झालं. एप्रिलमध्ये जो येतो, "यंदा मान्सून सरासरीच्या अमुक टक्के", त्याची गोष्ट मोठी आहे आणि मला सगळ्यात आवडणारी आहे, जरा सविस्तर सांगतो.

आपलं हवामान खातं १८७५ चं. त्याच्या पुढच्या दोन वर्षांत देशात भयंकर दुष्काळ पडला आणि सरकारनं त्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना विचारलं की आधी कळू शकतं का. त्यांना दिसलं की हिमालयात बर्फ जास्त पडलं की पुढचा पावसाळा कमी जातो, त्याच्यावरून १८८६ पासून अधिकृत अंदाज द्यायला सुरुवात झाली. मग १८९९ चा छप्पन्नाचा (संवत १९५६ म्हणून छप्पन्न) दुष्काळ आला आणि त्यानंतर १९०४ ला गिल्बर्ट वॉकर प्रमुख झाले. हा माणूस मूळचा गणिती, हवामानाचा नव्हेच. (हेच ते वॉकर ज्यांनी १९१३ ला मद्रासच्या एका कारकुनाच्या वह्या बघून विद्यापीठाला शिफारस केली होती, तो कारकून म्हणजे रामानुजन.) वॉकरनी जगभरातून हवेच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे गोळा केले आणि कशाचा कशाशी मेळ बसतो ते नुसतं मोजत बसले, कारण काय ते नंतर बघू म्हणून. त्यातून त्यांना दिसलं की पॅसिफिक महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागराकडं कमी होतो आणि उलट, तराजूची दोन पारडी असल्यासारखं. आज आपण एल निनो एल निनो करतो त्याचं अर्धं अंग हेच आहे.

वॉकरची पद्धत पुढं वाढत गेली आणि १९८८ पासून वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेलं सोळा घटकांचं मॉडेल आलं, समुद्राचं तापमान, बर्फ, वारे, दाब असे सोळा. पेपरात तेव्हा "सोळापैकी अमुक घटक अनुकूल" असं यायचं, जुन्या लोकांना आठवत असेल. वर्षामागून वर्ष अंदाज खरा. मग २००२ आलं. अंदाज होता १०१ टक्के, आणि जुलैमध्ये देशात निम्म्याच्या आसपास पाऊस झाला, हंगाम संपला ८१ टक्क्यांवर.

आता इथं भोळा अंदाज परत आणा. १९८९ ते २००१ सलग तेरा वर्षं देशाचा पाऊस तेव्हाच्या व्याख्येनं (९० ते ११० टक्के) सर्वसाधारणच होता. म्हणजे एखाद्यानं दर एप्रिलला झोपेतून उठून "यंदा सर्वसाधारण" एवढंच म्हणलं असतं तरी तेराच्या तेरा वर्षं तोही खराच ठरला असता. मॉडेलची खरी परीक्षा त्या तेरा वर्षांत झालीच नव्हती, ती २००२ ला झाली. गोवारीकरांच्या कामाला मी नावं ठेवत नाही, हाताशी होतं त्यात त्यांनी मोठं काम केलं, पण हे उदाहरण वर्गात सांगितलं की पोरं एकदम शांत होतात.

सोळा घटकांत अजून एक अडचण असते. गेल्या तीसचाळीस वर्षांच्या पावसाला बसवायला तुम्ही जेवढे जास्त घटक घ्याल तेवढं मागचं छान जुळतं, पण ते जुळणं म्हणजे मागच्या वर्षीच्या पेपरची उत्तरं पाठ करून बसलेलं पोरगं. जुनी प्रश्नपत्रिका दिली की शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, नवीन दिली की नापास. म्हणून आता अभ्यासक आकड्यांचा काही भाग आधीच बाजूला कुलपात ठेवतात, मॉडेल बाकीच्यावर तयार करतात आणि मग कुलूप उघडून परीक्षा घेतात. २००३ ला खात्यानं मॉडेल बदललं, पुढं परत बदललं, आणि २०२१ पासून वेगवेगळ्या केंद्रांच्या बऱ्याच मॉडेलांचा एकत्र मेळ घालून अंदाज देतात, सोबत कमी, सर्वसाधारण, जास्त अशा कोणत्या गटात पाऊस पडायची किती टक्के शक्यता तेही देतात. ते टक्के पेपरवाले छापत नाहीत, नुसतं "यंदा बरसणार" छापतात.

आणि तो अंदाज देशाचा असतो हो. देशाची सरासरी ८७ सेंटीमीटर, आता ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण. त्याच्यात मेघालय पण आहे आणि जैसलमेर पण. २०१२ ला देशात सरासरीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाऊस झाला होता, आणि त्याच वर्षी जालन्याकडं मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या. देशाच्या आकड्यावरून स्वतःच्या रानाची पेरणी ठरवणं म्हणजे जिल्ह्याच्या निकालाची टक्केवारी बघून आपलं पोरगं पास झालं समजून पेढे वाटणं. पेरणीला तोच जुना नियम बरा, ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय आणि वाफसा आल्याशिवाय तिफण लावायची नाही.

मग लोक विचारतात, एवढे मोठे कॉम्प्युटर आहेत, महिन्याभराचं तारीखवार का सांगत नाहीत? त्याचं उत्तर १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांना अपघातानंच सापडलं. ते अमेरिकेत कॉम्प्युटरवर हवामानाचं गणित चालवत होते, एक गणित परत चालवायचं म्हणून मधला आकडा हातानं टाकला, ०.५०६१२७ च्या जागी छापील कागदावरचा ०.५०६. कॉफी पिऊन आले तर सुरुवातीला तेच हवामान आणि पुढं गेल्यावर काहीच्या काही वेगळं. एवढ्याशा फरकानं. आपण हवेचा दाब, ओल, वारा कितीही बारीक मोजला तरी एवढा फरक राहणारच, म्हणून आठदहा दिवसांच्या पुढं "अमुक तारखेला अमुक तालुक्यात" सांगणाऱ्याच्या अंगात देव आला असेल तरच. यावर उपाय म्हणून आता एकच गणित थोड्याथोड्या वेगळ्या सुरुवातीनं पुन्हा पुन्हा चालवतात, युरोपातलं केंद्र पन्नासच्या वर वेळा चालवतं. पन्नासपैकी तीस वेळा पाऊस दिसला की ६० टक्के. मोबाईलवरचा टक्का ढोबळमानानं असाच येतो, त्याच्यावर थोडी दुरुस्ती करून.

भावाच्या अंदाजाला तर अजूनच गंमत आहे. स्पायरोस माक्रिदाकिस म्हणून ग्रीक अभ्यासक आहेत, त्यांनी अंदाजाच्या पद्धतींच्या चक्क कुस्त्या लावल्या. १९८२ ला पहिली मोठी, विक्री, उत्पादन, लोकसंख्या असल्या १००१ आकडेमालिका घेतल्या, शेवटचे आकडे लपवले आणि वेगवेगळ्या पद्धतींना सांगितलं, करा अंदाज. मोठमोठ्या गणिताच्या पद्धती साध्या पद्धतींना हरवू शकल्याच नाहीत, बऱ्याच ठिकाणी मागंच राहिल्या. विद्वान लोक लै चिडले म्हणे. २०१८ च्या चौथ्या कुस्तीत एक लाख मालिका होत्या आणि निव्वळ मशीन लर्निंगच्या, म्हणजे कॉम्प्युटर आकड्यांवरून स्वतःच शिकतो असल्या, सहा पद्धती उतरल्या, त्यातली फक्त एक भोळ्या अंदाजाच्या पुढं गेली. जिंकली ती जुनी साधी पद्धत आणि नवं न्यूरल नेटवर्क यांची जोडगोळी. मग २०२० ला वॉलमार्टच्या दुकानांच्या रोजच्या विक्रीवर पाचवी झाली, हजारो मालिका एकमेकीशी जोडलेल्या, तिथं मात्र मशीन लर्निंगनं मैदान मारलं. म्हणजे आकडे भरपूर आणि एकाच घरातले असले की यंत्र शिकतं, नाहीतर साधं बरं.

ती साधी पद्धत मोंढ्यातला, म्हणजे धान्याच्या बाजारातला, कोणताही अडत्या नाव न माहिती असताना वापरतो. समजा सोयाबीनचा तुमच्या मनातला भाव ४२०० आहे आणि आज सौदा ४४०० ला निघाला. लगेच ४४०० धरायचं नाही, कारण एखाद्या दिवशी आवक कमी म्हणूनही भाव चढतो. फरक २०० चा, त्याच्यातले तीस टक्के म्हणजे ६० घ्यायचे, नवा अंदाज ४२६०. उद्या परत तेच. नव्या बातमीला थोडं ऐकायचं, जुन्याला एकदम सोडायचं नाही. किती टक्के ऐकायचं एवढंच काय ते ठरवायचं. १९५० च्या दशकापासून ही रीत कारखान्यांच्या गोदामात चालते.

पण मोंढ्यात एक असली गोष्ट होते जी पावसात होत नाही. पावसाला तुमचा अंदाज ऐकू येत नाही, भावाला येतो. २०१५ ला तूरडाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली, सगळ्यांनी अंदाज केला की तुरीत पैसा आहे, पुढच्या खरिपाला जो तो तूर पेरून बसला, पाऊसही चांगला झाला, आणि २०१७ च्या सुरुवातीला भाव हमीभावाच्या खाली. खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपला म्हणून काटा बंद, उघड्यावर तूर आणि माणसं तिथंच मुक्कामाला. सगळ्यांनी एकच अंदाज केला म्हणूनच तो खोटा ठरला. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचं नाव आहे, निकोलस काल्डोर यांनी १९३४ ला दिलेलं, कारण भाव आणि उत्पादनाचा आलेख काढला की तो जाळ्यासारखा गोलगोल फिरतो. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन दहा हजाराला टेकली तेव्हा आमच्या हॉटेलात "बारा होणार" हाच एक अंदाज होता. नवीन माल आला अन् भाव निम्म्यावर. माझेही कट्टे घरातच होते, खोटं कशाला बोलू.

सगळ्यांचं मिळून मत घेतलं की बरोबर येतं असंही एक संशोधन आहे. इंग्लंडातल्या प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात १९०६ ला बैलाचं वजन ओळखायची पैज होती, फ्रान्सिस गाल्टन यांनी नंतर ७८७ चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि मधलं उत्तर काढलं, १२०७ पौंड. खरं वजन ११९८. माळेगावच्या यात्रेत देवणी नाहीतर लाल कंधारी बैलापुढं अशी पैज लावली तर आपलीही माणसं कमी पडायची नाहीत. पण अट एक आहे, प्रत्येकानं आपापल्या डोक्यानं चिठ्ठी लिहिलेली पाहिजे. व्हॉट्सॲपवर एकच फॉरवर्ड वाचून आलेली वीस डोकी म्हणजे हिशोबाला एकच डोकं.

तज्ज्ञांचं तर विचारूच नका. फिलिप टेटलॉक यांनी अमेरिकेत वीसएक वर्षं २८४ तज्ज्ञांचे राजकारण-अर्थकारणाचे हजारो अंदाज नोंदवून ठेवले, अगदी माझ्या वहीसारखे, आणि २००५ ला निकाल मांडला. सरासरी तज्ज्ञ भोळ्या पद्धतींपेक्षा फारसा पुढं नाही, आणि जो टीव्हीवर जास्त चमकतो तो अजून मागं. त्यातल्या त्यात बरे कोण, तर जे एकाच सिद्धांताला धरून बसत नाहीत, आकडा सांगतात आणि नवीन बातमी आली की तो थोडाथोडा बदलतात.

राहिलं तात्यांचं पंचांग. २००९ ला जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एका चाचणीचा निकाल छापला. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांकडं दिल्या, प्रत्येकाला चाळीस, सांगा कोणती कोणाची. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास. तात्यांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "ते पत्रिकेचं हाय, वाहनाचं कुटं हाय त्यात?" वहीत मी वाहनाचंही खातं घातलंय, बेडूक, म्हैस, हत्ती असला की जास्त धरायचं आणि कोल्हा, मेंढा असला की कमी. एका शिवाराच्या वहीवरून निकाल लावू नये पण वाहनाचा दंड ०.२५ च्या खाली काही येईना.

गंमत म्हणजे तेच तात्या त्याच दिवसाच्या संध्याकाळचं सांगायला ॲपला ऐकत नाहीत. वारं कुठून फिरलं, बैलं कशी उभी राहिली, उकाडा कसला आहे, बघतात आणि सांगतात. त्या पानावर त्यांचा दंड ॲपपेक्षा कमी आहे. एकच माणूस हंगामाला कच्चा आणि संध्याकाळला पक्का, कारण संध्याकाळचा निकाल त्यांना साठ वर्षं रोज मिळत आलाय आणि हंगामाचा वर्षातनं एकदाच.

शेवटी टक्का कळला तरी करायचं काय हे वेगळंच गणित असतं. सोयाबीन काढून बनीम म्हणजे गंजी लावलेली आहे, ताडपत्री टाकायला दोन माणसं अन् हजार रुपये, भिजली तर पन्नास हजाराचा माल काळा पडणार. हजार भागिले पन्नास हजार, म्हणजे पावसाची शक्यता दोन टक्क्यांच्या वर गेली की ताडपत्री टाकणं परवडतं. "येणार का नाही" हे कळायची गरजच नाही तिथं. फवारणीचं उलट, तिथं औषध वाहून गेलं तर हजारभराचं नुकसान पण दोन दिवस थांबलं तर अळी पीक खाते, तिथं पन्नास टक्क्यालाही माणूस पंप पाठीला लावतो.

मागच्या ऑक्टोबरात बनीम लावून आम्ही बांधावर बसलो होतो, पश्चिमेकडं आभाळ भरून आलं होतं. मी वही काढली अन् म्हणलं तात्या, सांगा. नेहमी "येतो" नाहीतर "येत न्हाई" म्हणणारा माणूस जरा वेळ आभाळाकडं बघत बसला.

"पस्तीस लिही."

मी लिहिलं.

"अन् ऊठ, ताडपत्री धर तिकडून."